सागाच्या पट्टीवरची ओळ

महाड तालुक्यातल्या वरंधच्या आमच्या घरात ओटीवरून माजघरात शिरताना दाराच्या वर सागाची एक पट्टी दिसते. अंगठ्याएवढी रुंद, चुलीच्या धुरानं आणि पन्नासेक पावसाळ्यांनी काळपट झालेली. तिच्यावर कल्हईच्या पितळी क्लिपांची रांग आहे. क्लिपा आता रिकाम्या आहेत. गेल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत त्यांत वायरी होत्या. आजोबांनी घरात मीटर घेतलं तेव्हा बसलेल्या. घराची सगळी वायरिंग आम्ही बदलली, एवढी पट्टी राहिली.

एकदा सहज मोजपट्टी लावून पाहिलं. आडव्या पट्टीवर दर चार इंचांवर एक क्लिप. चौकटीच्या कोपऱ्याला पट्टी वळून खाली बोर्डाकडे उतरते, तिथून पुढे दर सहा इंचांवर. मला वाटलं, क्लिपा संपत आल्या असतील. तसं नव्हतं. आडवी वायर स्वतःच्या वजनानं दोन क्लिपांच्या मधे लोंबते, म्हणून तिला आधार जवळजवळ लागतो. उभ्या वायरीला लोंबायला जागाच नसते, तिला सहा इंच पुरतात. पट्टी वायरिंगच्या नियमांत हीच अंतरं आहेत, दहा आणि पंधरा सेंटिमीटर. ज्यानं आमची पट्टी ठोकली त्यानं ती पुस्तकात वाचली की वस्तादाकडून ऐकली, ते आता कळायचं नाही. पण पडवी सोडून संपूर्ण घरभर, अगदी माळ्यावर जिथे कुणी चढून पाहणार नाही तिथेही, चाराचे पाच झालेले नव्हते. प्रत्येक क्लिपेची जीभ एकाच बाजूला वळवलेली आहे. खिळा वायरीखाली झाकलेला, म्हणजे क्लिपा आधी पट्टीला ठोकल्या, मग पट्टी तुळईला स्क्रूनं बसवली आणि शेवटी वायर घातली. घाईत काम करणारा हा क्रम उलटा करतो आणि मग खिळ्याचं डोकं वायरीच्या अंगात रुतत जातं.

आमच्या गावाजवळच शिवथरघळ आहे. समर्थांनी दासबोध तिथे लिहिला अशी परंपरा आहे. या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं काढावं, ओळी कशा आखाव्यात, शाई कशी असावी, हे समर्थ कारकुनाला शिकवावं तसं सांगतात. त्यातली एक अपेक्षा मला या पट्टीखाली उभं राहिलं की आठवते: पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथाचं शेवटचं असावं, सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं वाटावं. ओटीपासून न्हाणीपर्यंतची पट्टी तशी होती. एका हातानं ठोकलेली.

हे कौतुक सांगून झालं की लगेच प्रश्न येतो, मग ती काढली कशाला?

आमच्या जिल्ह्याचं आणि विजेचं नातं जुनं आणि जरा विचित्र आहे. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, भिऱ्याचं १९२७ साली. भिरा आमच्या शेजारच्या माणगाव तालुक्यात. त्याच १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी माणसं उभी राहिली, आणि तिकडे मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून खाली पडून मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज काढू लागलं. तारा आमच्या डोंगरांवरून गेल्या. घाटाच्या पायथ्याच्या घरांत मात्र पुढची कितीतरी वर्षं कंदिलाच्या काचा राखेनं पुसल्या जात होत्या. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली झालं, आणि खेड्यापाड्यांत खांब उभे राहिले ते त्यानंतरच्या वर्षांत. २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण आली, तरी आमच्याकडे अजून 'बोर्डाची लाइट' गेली असंच म्हणतात.

तर आजोबांच्या त्या वायरिंगवर चाळीस-साठ वॉटचे पाच-सहा बल्ब आणि एक रेडिओ एवढाच भार होता. सगळं एकदम लावलं तरी तीनशे वॉटच्या आसपास, म्हणजे साधारण दीड अँपिअर. त्यासाठी त्यांनी 'तीन-बावीस'ची वायर घेतली होती. जुने वायरमन वायर अशीच सांगतात: बावीस गेजच्या तांब्याच्या तीन तारा. आजच्या भाषेत सव्वा चौरस मिलिमीटरच्या आत-बाहेर. दिव्यांना ती भरपूर होती. आज त्याच घरात दोन हजार वॉटचा गिझर आहे, हजाराची इस्त्री, साडेसातशेचा मिक्सर, फ्रिज आणि बावीवर एक हॉर्सपॉवरचा पंप. गणपतीत मुंबईहून सगळे आले आणि सकाळी हे सगळं एका वेळी चाललं, तर वीस-बावीस अँपिअर होतात. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट.

शिवाय वायरीचं अंग रबराचं. रबर नवं असताना मऊ, पंचवीस-तीस वर्षांनी बिस्किटासारखं. माजघरातला एक गोल ब्लॉक उघडला तेव्हा वायर नुसती वाकवली आणि रबराचा चुरा हातावर पडला. आत उघडं तांबं, आणि भोवती लाकूड. पट्टीच्या वाटेनं वाळवीनंही आपली माती वर नेलेली.

वायरमन शोधताना मी तिघांना बोलावलं. पहिला तरुण होता, चलाख. दारातूनच म्हणाला, "सगळं कॉन्सिल्ड करून देतो, भिंतीवर काय दिसणार नाय." पॉइंटाचा दर सांगितला, फोनवर फोटो दाखवले आणि गेला. दुसऱ्यानं तर येण्याची तसदीही घेतली नाही, खोल्या किती एवढं विचारून आकडा सांगितला. तिसरे आले ते पासष्टीच्या पुढचे. आयटीआयमध्ये या कामाचे दोन वेगवेगळे दोन वर्षांचे अभ्यासक्रम असतात, एक वीजतंत्री आणि दुसरा तारतंत्री. हे काका तारतंत्री. हा शब्द सरकारी असूनही मला आवडतो. त्यात माणूस तारेशी बांधलेला आहे.

काका चप्पल काढून आत आले, चहा नको म्हणाले आणि टॉर्च घेऊन माळ्यावर चढले. दोन तास वर होते. खाली आले तेव्हा डोक्यावर जाळ्या, आणि पहिला प्रश्न असा:

"मे महिन्यात बावीला पाणी राहतं का?"

मला वाटलं, तहान लागली असेल. आई म्हणाली, "तळाशी राहतं थोडं."

"आणि वहिनी, न्हाणीचं पाणी जातं कुठे?"

"परसात. अळूला."

ते परसात गेले, अळूच्या वाफ्यापाशी उकिडवे बसले आणि हातानं माती दाबून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अर्थिंग इथे."

दर त्यांनी त्या दिवशी सांगितलाच नाही. घरात काय काय चालतं त्याची यादी मागितली, पुढच्या पाच वर्षांत काय येणार तेही लिहायला सांगितलं. काम कुणाला द्यायचं ते तेव्हाच ठरलं. लायसन्स मी नंतर विचारलं, आणि ते विचारायलाच हवं. राज्य शासनाचं अनुज्ञापक मंडळ ठेकेदाराला लायसन्स देतं, सुपरवायझरला प्रमाणपत्र, वायरमनला परवाना. महावितरणकडून भार वाढवून घ्यायचा तर लायसन्सधारक ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो. खांबावर चढतो त्यालाही आपण वायरमनच म्हणतो, पण त्याची हद्द मीटरपाशी संपते. मीटरच्या पुढचं सगळं घरमालकाचं, आणि अपघात झाला तर जबाबदारीही त्याचीच. सही कोण करणार हे आधी ठरलं नसेल, तर काम कितीही सुबक असो, त्याला धनी नसतो.

कामाचा पहिला आठवडा काकांनी नवीन काहीच बसवलं नाही. ते जुनं वाचत होते. मला रसग्रहणाचा खरा धडा तिथे मिळाला.

आमच्या जुन्या वायरी दोन्ही काळ्या. फेजला लाल, न्यूट्रलला काळी हा रंगांचा रिवाज त्या काळीही होता, पण लाल वायर मिळाली नसावी. मग फेज ओळखायचा कसा? काकांनी पहिला ब्लॉक उघडला, टॉर्च धरला आणि हसले. एका वायरीच्या टोकाला, रबर जिथे सोललं होतं त्याच्या जरा मागे, सुती दोऱ्याची गाठ होती. दुसऱ्या ब्लॉकमध्येही एकाच वायरीला गाठ. तिसऱ्यातही. "गाठ म्हणजे फेज," काका म्हणाले, "पण माझा शब्द प्रमाण मानू नका." आणि त्यांनी टेस्टर लावला. गाठ असलेल्या वायरीवर तो पेटला. त्यांनी तेवढ्यावरही विश्वास ठेवला नाही. मेन स्विच पाडून, टेस्ट लॅम्पनं वीज नसल्याची खात्री करून मगच हात घातला.

घरभर अशा गाठी निघाल्या. ज्या माणसाला आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नाही, त्यानं आपल्यामागून येणाऱ्या दुसऱ्या वायरमनसाठी त्या बांधून ठेवल्या होत्या. ओटीवर बसणाऱ्याला त्या कधीच दिसल्या नसत्या.

सांधेही तसेच. जोड फक्त ब्लॉकच्या आत, मधल्या वाटेवर एकही नाही. तारा एकमेकींवर घट्ट पिळून झाळलेल्या, वर रबराची पट्टी, तिच्यावर काळी टेप. टेप काढल्यावर आतलं तांबं अजून लालसर चमकत होतं.

आणि मग पडवी आली. तिथे पट्टी होती, पण क्लिपा कुठे तीन इंचांवर, कुठे आठ. वायर अल्युमिनियमची. तांब्याची टंचाई होती त्या काळात देशभर घरांतून अल्युमिनियम गेलं, त्यात नवल नाही. पण इथे ती तांब्याला नुसती पिळून टेपमध्ये गुंडाळली होती. अल्युमिनियम आणि तांबं एकत्र आली आणि वर कोकणातली दमट हवा असली की अल्युमिनियम कुजत जातं. जोड सैल होतो, सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. टेप सोडल्यावर पांढरी भुकटी पडली आणि लाकडावर विडीनं चटका द्यावा तसा डाग दिसला. गाठ एकाही वायरीला नव्हती. टेस्टर लावला तर बटण न्यूट्रलवर: दिवा विझायचा, पण होल्डर जिवंतच. बल्ब बदलताना आईला दोनदा झटका बसला होता, तिनं तो ओल्या हाताच्या खात्यावर टाकला होता. आणखी एक गंमत म्हणजे दिव्याचा फेज ओटीच्या लाइनवरून आणि न्यूट्रल स्वयंपाकघराच्या लाइनवरून. 'उसना न्यूट्रल' म्हणतात त्याला.

"हा हात वेगळा," काका म्हणाले. एवढंच.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, मधल्या तीनशे वर्षांत तिच्यात शिरलेले अपपाठ आणि पदरच्या ओव्या वेगळ्या काढल्या. कुठल्याही जुन्या घराच्या भिंतीवर अशा पदरच्या ओव्या असतात. 'गणपतीपुरती' म्हणून ओढलेली वायर शिमग्यालाही तिथेच असते. भाचा येतो, फ्यूज सारखा उडतो म्हणून फ्यूजच्या चिनी मातीच्या किटकॅटमध्ये तारेचे पाच पदर घालून जातो. फ्यूज उडायचा थांबतो आणि घरातले त्याला हुशार म्हणतात. साखळीतली एक कडी मुद्दाम कच्ची ठेवलेली असते, तीच त्यानं पक्की केलेली असते. मग कच्ची कडी उरते ती भिंतीतली वायर. वायरिंग बदलणं म्हणजे आधी हे ओळखणं, की मूळ काय आणि मागून घुसडलेलं काय. ज्याला ते ओळखता येत नाही, तो नवी चूक जुन्या चुकीवर बसवून जातो.

मूळ पाठही निर्दोष नव्हता, हेही सांगायला हवं. मीटरशेजारच्या लाकडी बोर्डावर चिनी मातीचे दोन किटकॅट होते, एक फेजमध्ये आणि एक न्यूट्रलमध्ये. दोन्हीकडे फ्यूज म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असं कुणालाही वाटेल. होतं उलट. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवे बंद, पंखा बंद, आणि सगळी वायरिंग मात्र जिवंत. वीज गेली असं समजून माणूस हात घालतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी न्यूट्रलमधला असा फ्यूज नाकारला होता, तरी सवय पुढे बरीच वर्षं चालत राहिली. आणि अर्थिंग तर नावालाही नव्हतं. बल्ब आणि रेडिओला ते कुणी मागितलंही नसतं.

आता नव्या कामाबद्दल.

भिंती फोडायच्या नाहीत, हे काकांनी पहिल्या दिवशीच सांगितलं. आमच्या भिंती मातीत रचलेल्या दगडाच्या आहेत. त्यांत छिन्नीनं खाच मारली की आतला चुरा ढासळतो, आणि जुलैत त्या भिंती अशा पाझरतात की कॅलेंडर चिकटून बसतं. त्यातून पाइप नेणं म्हणजे विजेला पाण्यात ठेवणं. म्हणून पीव्हीसीचे पाइप वरूनच, लाकडाच्या अंगानं. जिथे तुळई तिथे तुळईच्या आतल्या बगलेनं, म्हणजे ओटीवर बसलेल्याला दिसणार नाही. पडवीत पाइप किंचित वाकडा गेलेला पाहून मी नाक मुरडलं होतं. मग लक्षात आलं, वासाच वाकडा आहे. वाकड्या वाशावरून सरळ पाइप नेला असता तर दोन्ही वाकडे दिसले असते. काकांनी लाकडाची चाल धरली.

वायर दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगना अडीच, गिझरला चार. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी, आणि यात घरभर कुठेही तडजोड नाही. मधे जोड नाही, एका पॉइंटावरून दुसऱ्यावर लूपिंग. दारामागे, जास्त भार झाला की पडणाऱ्या सहा एमसीबींचा डबा: ओटी-पडवी, माजघर-देवघर, स्वयंपाकघर, फ्रिज, गिझर, पंप. त्यांच्या आधी तीस मिलिअँपिअरचे, गळती पकडणारे आरसीसीबी, आणि ते दोन. एक घराला, दुसरा गिझर आणि पंपाला. का, तर पावसाळ्यात बिघाड बहुतेक पंपात किंवा न्हाणीत होतो. तो झाला म्हणून देवघरातला दिवा आणि उशाचा पंखा का जावा? या एका निर्णयात मला काकांची सगळी शैली दिसते. नियमानं एकावर भागलं असतं. दुसरा आला तो घरात रात्री कोण कुठे असतं ते त्यांना ठाऊक होतं म्हणून.

अर्थिंग म्हणजे या कामाचा गाभा, आणि तो जमिनीखाली आहे. नियमाप्रमाणे अडीच मीटरचा जीआय पाइप, घरापासून दीड मीटर तरी दूर. आमच्याकडे छातीइतकं खणलं की कातळ लागतो. काकांनी अळूच्या वाफ्याशेजारी एक खड्डा घेतला, बावीच्या वाटेवर दुसरा, दोन्ही पट्टीनं जोडले. कोळसा भरपूर, मीठ बेतानं, कारण मीठ पाइपच खातं. मोजणी त्यांनी मुद्दाम मे अखेरीस केली, जमीन सगळ्यात कोरडी असताना. बारा ओहम आले. मी म्हटलं, "चांगलं की वाईट?" त्यांनी पेन्सिलीनं भिंतीवरच हिशेब केला. पंपाच्या अंगात फेज उतरला, तर २३० भागिले १२, म्हणजे एकोणीस अँपिअर जमिनीत जातील. सोळाचा एमसीबी एकोणीसला तासाभरातही पडेलच असं नाही, आणि तेवढा वेळ पंपाचं अंग जिवंत राहील. आरसीसीबीला मात्र अँपिअरच्या तीन-शतांशाचीही गळती पुरते. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो, फरक पडला की सेकंदाच्या तीन-दशांशाच्या आत खटका. कातळाच्या गावात तो चैनीची वस्तू नाही. पण त्याच्याबद्दल भाबडं राहू नये: फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत धरले तर त्याला फरक दिसत नाही, आणि जास्त भारानं तापणारी वायरही दिसत नाही. ते काम एमसीबीचं. दोघं मिळून पहारा पुरा होतो.

पडवीतला उसना न्यूट्रल पूर्वी वर्षानुवर्षं खपला. नव्या व्यवस्थेत दोन वेगळ्या आरसीसीबींवरच्या लाइनींत असा न्यूट्रल एक दिवसही खपणार नाही. दिवा लावताच दोन्हींचा हिशेब चुकून खटका पडेल. चांगल्या रचनेत घुसडलेली ओळ स्वतःच ओरडते.

माझं आणि काकांचं भांडण एकाच गोष्टीवर झालं. बेकलाइटचे जुने गोल स्विच आणि ओटीवरची ती पट्टी वायरीसकट तशीच राहू द्यावी, नुसती शोभेला, असं मला वाटत होतं. काकांनी साफ नकार दिला.

"मेलेली वायर भिंतीवर ठेवायची नाही. पुढचा माणूस तिला जिवंत समजेल, ते एक वेळ चालेल. पण एकदा मेलेली बघितली की तो दुसरी जिवंत असलेलीही मेलेलीच समजेल."

पट्टी ठेवली, वायर काढली. क्लिपा रिकाम्या आहेत त्या म्हणून.

आईचा आग्रह वेगळा होता, आणि तो काकांनी न कुरकुरता मानला. बोर्डावरच्या बटणांचा क्रम जुनाच हवा: आधी दिवा, मग पंखा, मग बाहेरचा दिवा. तिच्या हाताला तो क्रम अंधारात पाठ आहे. बोर्डाची उंचीही तीच ठेवली. महाडला काका असं करत नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पावसात आमच्या तालुक्यात तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली, आणि त्याच रात्री सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत घरांच्या पहिल्या मजल्याला भिडलं. पाणी ओसरल्यावर काका कित्येक दिवस स्विचबोर्ड उघडून त्यांतला गाळ काढत होते. तेव्हापासून शहरात काम घेतलं की ते आधी भिंतीवरची पुराची रेघ दाखवायला सांगतात, आणि बोर्ड रेघेच्या वर बसवतात. वरंधला पूर येत नाही, पाणी येतं ते भिंतीतून. प्रत्येक घराचा पाऊस वेगळा असतो.

त्रुटी? आहेत. माळ्याच्या जिन्याला दोन्ही टोकांना बटण हवं होतं. काकांनी खालीच दिलं, आणि मीही पैशांकडे पाहून गप्प बसलो. आता वरून दिवा विझवता येत नाही. डब्याचं पांढरं प्लास्टिक सागाच्या दाराशेजारी डोळ्यांत खुपतं, त्याला इलाज सापडलेला नाही. शेवटच्या दिवशी पाचशे व्होल्टच्या मेगरनं प्रत्येक लाइनचं इन्सुलेशन तपासलं, काटा सगळीकडे एक मेगओहमच्या खूप वर गेला. तेव्हा मला ही खोट काढायची लाज वाटली होती. पण कौतुक करणाऱ्यानं खोटही सांगावी, नाहीतर त्याच्या कौतुकाला किंमत राहत नाही.

माझा निवाडा साधा आहे. जुनी पट्टी चांगली होती ती सागाची होती म्हणून नव्हे. ती उघडी होती, वाचता येत होती, आणि तिच्या कारागिरानं पुढच्या वाचकासाठी गाठी बांधल्या होत्या. नवं काम चांगलं आहे तेही त्याच कारणानं. डब्याच्या झाकणाच्या आत काकांनी एक पुठ्ठा चिकटवला आहे. त्यावर सहा लाइनींची नावं मराठीत, कुठली वायर कुठून कुठे गेली त्याचं कच्चं चित्र, दोन्ही अर्थिंगच्या जागा आणि मोजणीची तारीख. खाली एक सूचना: 'मे महिन्यात अर्थिंगला पाणी घालणे.' हा पुठ्ठा म्हणजे गाठच आहे, फक्त लिहिलेली. वायरमन निवडताना त्यानं दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम पाहायला जा, आणि डब्याचं झाकण उघडायला सांगा. आत काय लिहिलंय त्यावरून माणूस कळतो.

आणि एक काम आजच करा. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक लहान बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं असतं. मी दर एक तारखेला दाबतो, आई फ्रिजकडे बघून हळहळते, खटका पडतो, मी पुन्हा वर करतो. तुमच्या घरचं दाबून पाहा. खटका पडला नाही, तर वायरमनला बोलवा. ते बटण डब्यात नसेलच, तरीही बोलवा.